ऑस्ट्रेलियाच्या रानातली एकटी थडगी: माणसं मेली कशानं, आणि खूण कोणाची राहिली

ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागाचा सरकारी नकाशा उघडला की गावं फारशी सापडत नाहीत. कोरड्या नदीची तुटक निळी रेघ असते, एखादी बोअर, एखादं कुंपण, आणि पुढे मैलोन्‌मैल काहीच नाही. मग मध्येच बारीक अक्षरांत एक शब्द दिसतो: थडगं. कोणाचं, ते बहुधा लिहिलेलं नसतं. जवळपास वस्ती नाही, चर्च नाही, दफनभूमी नाही. एक माणूस तिथे मेला, सोबत्यांनी त्याला तिथेच पुरलं आणि पुढे कधीतरी मोजणीदाराला ती दगडांची रास दिसली म्हणून नकाशावर आली, एवढंच.

अशी थडगी शेकड्यांनी आहेत. त्यांत नवा मुलूख शोधायला निघालेले आहेत, मेंढ्या-गुरं घेऊन आलेले आहेत, तारेचे खांब रोवणारे, सोन्याच्या मागे धावलेले, उंटवाले, आणि त्यांच्यामागून आलेल्या बायका आणि तान्ही मुलंही आहेत. त्यांच्याकडे बघून कोणालाही वाटतं, किती एकाकी मरण! पण थडगं आहे याचाच अर्थ कोणीतरी जवळ होतं किंवा नंतर तरी पोचलं होतं. खणायला हात होते, फावडं होतं, नाव कोरायला चाकू होता. जे खरोखर एकटे मेले त्यांची खूण मागे राहिली नाही. आणि ज्यांच्या मरणाची नोंद ठेवावी असं कोणाला वाटलंच नाही, त्यांचीही राहिली नाही. त्यामुळे नकाशावरची ही थडगी म्हणजे या मुलखातल्या मृत्यूंचा हिशेब नव्हे. हिशेबातलं फार तर एक पान आहे.

तिथेच का पुरायचं?

अंतर ध्यानात घ्या. एकट्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्याचं क्षेत्रफळ २५ लाख चौरस किलोमीटरच्या वर आहे. त्यात आपली आठ महाराष्ट्र बसतील. एकोणिसाव्या शतकात यातल्या बहुतेक भागात रस्ते नव्हते. जवळचा पाद्री आठवड्याभराच्या वाटेवर, डॉक्टर त्याहून लांब. उन्हाळ्यात सावलीत ४५ अंश तापमान. प्रेत दुसऱ्या दिवसापर्यंतही ठेवता येत नसे, मग गावी नेण्याची गोष्टच सोडा.

विधी असा फारसा नसे. मयताला त्याच्याच घोंगडीत गुंडाळायचं; जवळ सामानाची रिकामी खोकी असतील तर फळ्या उचकटून पेटी ठोकायची. जमीन अनेक ठिकाणी इतकी कडक की खड्डा कमरेइतकाही व्हायचा नाही. म्हणून वर दगड रचायचे, नाहीतर डिंगो म्हणजे तिथली रानकुत्री उकरून काढत. गुरांनी तुडवू नये म्हणून मल्गा नावाच्या चिवट लाकडाचे खांब रोवून कुंपण. शेजारी झाड असेल तर साल सोलून खोडावर नावाची आद्याक्षरं आणि वर्ष. कोणाला बायबलमधलं काही आठवलं तर तो म्हणे, नाहीतर टोपी काढून क्षणभर उभं राहायचं आणि पुढे चालू लागायचं. मुक्काम वाढवायची चैन परवडणारी नव्हती, कारण पाणी सगळ्यांचंच मोजकं होतं.

एका दिवसाची काय किंमत पडू शकते याचं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतं. १८६० मध्ये रॉबर्ट बर्क आणि विल्यम विल्स मेलबर्नहून उत्तरेचा समुद्र गाठायला निघाले. कूपर्स क्रीक नावाच्या ठिकाणी तळ ठेवून बर्क, विल्स, जॉन किंग आणि चार्ल्स ग्रे असे चौघे पुढे गेले. खंडाच्या उत्तर टोकाशी पोचलेही. परतताना १७ एप्रिल १८६१ ला ग्रे मेला. उरलेले तिघे इतके खंगलेले की उथळसा खड्डा खणायलाही त्यांचा दिवस गेला. २१ तारखेला संध्याकाळी ते तळावर पोचले तेव्हा तिथे कोणी नव्हतं. चार महिने वाट पाहून तळावरची माणसं त्याच दिवशी सकाळी निघून गेली होती. झाडावर 'खणा' असं कोरलं होतं आणि खाली थोडा शिधा पुरला होता. ते झाड आजही उभं आहे.

तहान, आणि तहानेपेक्षा वाईट गोष्ट

रानात माणसं कशानं मेली असं विचारलं की पहिलं उत्तर येतं तहान, आणि ते खरंच आहे. उन्हात चालणाऱ्या माणसाचा तासाला लिटरभर घाम सहज जातो. शरीरातलं पाणी एका मर्यादेपलीकडे उतरलं की आधी डोकं काम करेनासं होतं, पाय नंतर थकतात. घात इथेच होतो. माणूस सावली सोडून चालू लागतो, एकाच जागी गोल फिरतो, अंगातले कपडे काढून टाकतो. शोध घेणाऱ्यांना आधी टोपी, मग बूट, मग सदरा आणि शेवटी माणूस सापडे.

पाण्याचं गणितही फसवं होतं. या मुलखात पाऊस दरवर्षीचा पाहुणा नाही. एका साली डोह तुडुंब असतो, पुढची दोन-तीन वर्षं तिथे भेगाळलेला चिखल. पहिल्या साली आलेला माणूस वहीत 'इथे पाणी आहे' असं लिहून जातो आणि दुसरा त्या वहीवर भरवसा ठेवून मरतो. बरं, लांबून चकाकणारं प्रत्येक तळं गोडं असेलच असं नाही, बरीचशी मिठाची.

१८७१ च्या अखेरीस दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत तारेची लाइन टाकायचं काम जोरात होतं. अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या तार ठाण्यावर नेमणूक झालेला क्रेगेन नावाचा अधिकारी कामावर रुजू व्हायला निघाला आणि वाटेतच पाण्यावाचून गेला. ही तार पुढे १८७२ मध्ये पुरी झाली. डार्विनहून समुद्राखालून जावा, सिंगापूर, मद्रास आणि आपल्या मुंबईमार्गे ती लंडनला जोडली गेली. लंडनची बातमी अ‍ॅडलेडला यायला आधी बोटीनं महिने लागत, आता तासांत येऊ लागली. त्या तारेच्या बाजूनं आजही काही थडगी दिसतात.

मोटार आली म्हणून हे संपलं असं नाही. १९६३ च्या डिसेंबरात इंग्लंडहून आलेलं पाच जणांचं एक कुटुंब बर्ड्सव्हिल ट्रॅकवर वाट चुकलं. गाडी बंद पडली, पाणी संपलं. गाडी सोडून ते पाण्याच्या शोधात निघाले आणि पाचही जण दगावले. त्यांना तिथेच रानात एकत्र पुरलं आहे. गाडी बंद पडली तर गाडीजवळच थांबा, हे वाक्य आज तिथल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात ऐकवतात. विमानातून गाडी दिसते, झुडपाखाली बसलेला माणूस दिसत नाही.

जेवण असूनही मेलेले

माझ्या मते या सगळ्या कथेतला सगळ्यांत शिकण्यासारखा भाग तहानेचा नाही, अन्नाचा आहे. कारण यातली कित्येक माणसं पोटात अन्न असताना मेली.

जेम्स पूल याची गोष्ट घ्या. १८४४ मध्ये चार्ल्स स्टर्ट अ‍ॅडलेडहून निघाला तो खंडाच्या मध्यभागी मोठा समुद्र असणार या खात्रीनं. बैलगाडीवर चक्क एक होडी लादून नेली होती. समुद्र सापडला नाही, दुष्काळ सापडला. आजच्या न्यू साउथ वेल्सच्या वायव्य कोपऱ्यात, डेपो ग्लेन नावाच्या एका दरीतल्या डोहाशी ही मंडळी अडकली. पुढे पाणी नाही, मागचे डोह आटलेले. जानेवारी ते जुलै १८४५, जवळजवळ सहा महिने ते तिथेच. स्टर्टनं लिहून ठेवलंय की उष्म्यानं खोक्यांचे स्क्रू आपोआप निघाले, पेन्सिलीतलं शिसं गळून पडलं, माणसांचे केस वाढायचे थांबले आणि नखं काचेसारखी तुटू लागली. उन्हातून सुटका म्हणून त्यांनी जमिनीत खोली खणली होती.

डोहात पाणी होतं, गाडीत पीठ होतं, मेंढ्या होत्या. नव्हतं ते क जीवनसत्त्व. पीठ, मांस, चहा, साखर या शिध्यावर काही महिने काढले की स्कर्व्ही होतो: हिरड्या सुजून रक्त येतं, सांधे आखडतात, पायाचे स्नायू काळे पडतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात. स्टर्टचा दुय्यम असलेला पूल यात पार झोपला. जुलैत अखेर पाऊस आला, वाट मोकळी झाली, पूलला गाडीत घालून माघारी पाठवलं आणि निघाल्यावर लगेचच, १६ जुलैला, तो गेला. त्याला तळावर परत आणून एका ग्रेव्हिलियाच्या झाडाखाली पुरलं आणि खोडावर 'जे. पी. १८४५' असं कोरलं. माणसं रिकामी बसून वेडी होऊ नयेत म्हणून स्टर्टनं त्याआधी जवळच्या टेकडीवर दगडांचा मनोरा रचायला लावला होता, आणि त्या कामावर देखरेख पूलचीच होती. आपण त्याचंच स्मारक बांधत होतो, असं स्टर्टला नंतर वाटलं. टेकडीला आज माउंट पूल म्हणतात.

बर्क आणि विल्सचं मरण तर याहून विचित्र. रिकाम्या तळावरून ते फार लांब जाऊ शकले नाहीत. कूपर्स क्रीकच्या काठी यांड्रुवांधा आदिवासींची वस्ती होती. त्यांनी या तिघांना मासे दिले, नार्डूच्या भाकरी दिल्या. नार्डू ही पाणवठ्याकाठची नेच्याच्या जातीची वनस्पती. तिचे बीजकोष दळून पीठ करतात. पुढे हे तिघे स्वतःच नार्डू गोळा करून खाऊ लागले. विल्सनं रोजनिशीत लिहिलंय की भूक भागते, पोट भरल्यासारखं वाटतं, तरी शक्ती रोज कमी होतेय. कारण नार्डूत थायमिनेज नावाचं एक द्रव्य असतं आणि ते शरीरातलं ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतं. त्यातून बेरीबेरी होतो: हातपाय गळतात, नाडी मंदावते. यांड्रुवांधा बायका बीजकोष भाजून, पाण्यात कालवून, ठरावीक रीतीनं ते पीठ खाण्याजोगं करत. गोऱ्यांनी पदार्थ घेतला, कृती घेतली नाही. अनेक संशोधक आज त्यांच्या मरणाचं कारण हेच मानतात.

दोघेही १८६१ च्या जूनअखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीस गेले. किंग मात्र यांड्रुवांधांच्या वस्तीत जाऊन राहिला, त्यांच्या हातचं खाल्लं आणि वाचला. सप्टेंबरात शोधपथकाला तो जिवंत सापडला. बर्कनं मरताना किंगला सांगितलं होतं की माझ्या हातात पिस्तूल दे आणि मला पुरू नकोस, असाच राहू दे. मरणाऱ्याची ही इच्छा कोणी पाळली नाही. आधी शोधपथकानं पुरलं, मग हाडं उकरून मेलबर्नला नेली आणि जानेवारी १८६३ मध्ये मोठ्या सरकारी इतमामानं अंत्ययात्रा निघाली. त्यांच्या समाधीवर ग्रॅनाइटचा प्रचंड दगड आहे. त्याच मोहिमेत मेलेले आणखी चौघे, ज्यांत चित्रकार-निसर्गशास्त्रज्ञ लुडविग बेकर होता, ते रानातच राहिले. ग्रेही.

जाता जाता: या मोहिमेचे बहुतेक उंट कराचीहून गेले होते, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. उंटांबरोबर हिंदुस्थानातले उंटवालेही गेले. त्यांतला साम्ला नावाचा हिंदू काही दिवसांतच नोकरी सोडून परतला, कारण शिध्यातलं मांस त्याला चालत नव्हतं. धर्म पाळला म्हणून जीव वाचला, असं म्हणायला हरकत नाही. दोस्त महंमद हा दुसरा उंटवाला राहिला; पुढे उंटाच्या हल्ल्यात त्याचा हात कायमचा निकामी झाला. त्याचं थडगं मेनिंडी गावाबाहेर, तेही एकटंच आहे.

ताप, बाळंतपण आणि लांबचा डॉक्टर

मोहिमांच्या कथा रंगतात म्हणून त्या सांगितल्या जातात. जास्त माणसं साध्या आजारांनी गेली. १८९२ मध्ये कूलगार्डीला सोनं सापडलं आणि उजाड जागी हजारोंची वस्ती झाली. पिण्याला पाणी नाही. खाऱ्या तळ्याचं पाणी उकळून, वाफ थंड करून, पैसे घेऊन विकत. जिथे पिण्याचीच मारामार तिथे हात कोण धुणार? संडास उघड्यावर, माश्या सगळीकडे. टायफॉइडनं तरुण माणसं पटापट गेली. तिथल्या दफनभूमीच्या सुरुवातीच्या नोंदींत अनेकांच्या नावाच्या जागी 'अज्ञात' एवढंच आहे. तंबूत शेजारी झोपणाऱ्याचं खरं नाव कोणाला ठाऊक नसे. १९०३ मध्ये किनाऱ्याजवळच्या धरणातून पाचशेहून अधिक किलोमीटर लांब नळ टाकून पाणी आणलं. अशा वस्तीत पाण्याचा नळ कुठल्याही औषधाहून मोठा.

गुरांच्या स्टेशनांवर, म्हणजे तिथल्या अवाढव्य चराऊ रानांवर, मालकाच्या घरामागे लाकडी कुंपणातली एक-दोन लहान थडगी असत. जुलाब, घटसर्प, अडलेलं बाळंतपण. त्यांच्याबद्दल कोणी मोहिमा काढल्या नाहीत.

१९१७ मध्ये हॉल्स क्रीकला जिमी डार्सी नावाचा गुराखी जखमी होऊन आला. गावात डॉक्टर नाही. पोस्टमास्तर फ्रेड टकेटनं पर्थच्या डॉ. हॉलंडना तार केली आणि तारेवरून येणाऱ्या सूचना वाचत वाचत, खिशातल्या चाकूनं, भूल न देता शस्त्रक्रिया केली. डॉक्टर स्वतः बोट, मोटार, टांगा करत दोन आठवड्यांच्या आसपास तिथे पोचले. डार्सी आदल्याच दिवशी गेला होता. शस्त्रक्रिया नीट झाली होती, त्याला नेलं मलेरियानं. ही बातमी देशभर वाचली गेली. जॉन फ्लिन नावाचा पाद्री आउटबॅकमधल्या, म्हणजे या आतल्या ओसाड मुलखातल्या, आजाऱ्यांसाठी आधीपासून धडपडत होता. त्यानं विमानातून डॉक्टर पाठवायची योजना लावून धरली. १७ मे १९२८ ला क्लॉनकरीहून पहिलं उड्डाण झालं. पुढल्याच वर्षी पायानं पॅडल मारून वीज करायचा बिनतारी संच आला आणि स्टेशनावरची बाई स्वतः डॉक्टरशी संपर्क साधू लागली. फ्लाइंग डॉक्टर सेवा ती हीच.

एकाच वेळी दोन मृत्यू

आता त्या पानाची दुसरी बाजू. १९०६ मध्ये आल्फ्रेड कॅनिंग वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातून गुरं हाकायची वाट आखायला निघाला. पाणी कुठे आहे हे तिथल्या आदिवासींनाच ठाऊक. कॅनिंगनं त्यांना धरून, साखळ्यांनी बांधून, वाटाड्या म्हणून वापरलं. मोहिमेतल्या स्वयंपाक्यानंच याविरुद्ध तक्रार केली. १९०८ मध्ये चौकशी आयोग बसला आणि त्यानं कॅनिंगला निर्दोष ठरवलं. या मोहिमेत एप्रिल १९०७ मध्ये कॅनिंगचा सोबती मायकल टोबिन आणि एक आदिवासी माणूस समोरासमोर आले. आदिवासीचा भाला आणि टोबिनची गोळी, दोन्ही लागले, दोघेही मेले. टोबिनच्या थडग्यावर संगमरवरी क्रॉस आहे. तो दगड वाळवंटातून वाहून नेऊन विहीर क्रमांक ४० जवळ उभा केला. दुसऱ्या माणसाचं नावही कागदावर नाही.

हा अपवाद नव्हे. फेब्रुवारी १८७४ मध्ये बॅरो क्रीकच्या तार ठाण्यावर तिथल्या काय्टेट्य आदिवासींनी हल्ला केला. ठाणेप्रमुख स्टेपल्टन आणि फ्रँक नावाचा लाइनमन मारले गेले. अ‍ॅडलेडला पत्नीला तार कचेरीत बोलावून स्टेपल्टननं मरता मरता तारेवर तिचा निरोप घेतला. दोघांची थडगी ठाण्याच्या शेजारी जपलेली आहेत. मग सूड घ्यायला पथकं निघाली. त्यांनी किती काय्टेट्य मारले याची धड नोंद नाही. दक्षिणेकडच्या एका ओढ्याला 'स्कल क्रीक', म्हणजे कवट्यांचा ओढा, हे नाव मात्र पडलं.

साउथ ऑस्ट्रेलिया राज्यातल्या मरी गावच्या दफनभूमीत तीन वेगळे भाग आहेत: गोऱ्यांचा, 'अफगाण' म्हटल्या जाणाऱ्या उंटवाल्यांचा आणि आदिवासींचा. जिवंतपणीची वस्तीची वाटणी जमिनीखालीही तशीच.

फ्लिनच्या समाधीचा किस्साही इथेच सांगायला हवा. तो १९५१ मध्ये गेला. अ‍ॅलिस स्प्रिंग्जजवळच्या त्याच्या समाधीवर ठेवायला शेकडो किलोमीटरवरून कार्लू कार्लूचा एक प्रचंड गोल धोंडा उचलून आणला. ती जागा तिथल्या आदिवासींची पवित्र जागा आहे, त्यांना विचारलं कोणी नाही. फ्लिनबद्दल कोणाची तक्रार नव्हती, धोंड्याबद्दल होती. बरीच वर्षं बोलणी झाली आणि १९९९ मध्ये तो धोंडा मूळ जागी परत गेला. बदल्यात अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या अरेर्न्टे लोकांनी आपल्या मुलखातला दुसरा दिला. आज समाधीवर तो आहे.

शोध कसा घेतात

लाकडी क्रॉस वाळवी खाते, कुंपण वणव्यात जळतं, दगड पुरानं वाहतात. म्हणून आता स्वयंसेवक जुन्या थडग्यांवर धातूच्या पाट्या लावत फिरतात. पाटी लावण्याआधीचं काम कागदावरचं असतं. मृत्यूच्या दाखल्यात आई-बापाचं नाव, देशात किती वर्षं होता, लग्न, मुलं आणि कुठे पुरलं याचे रकाने असत. पोलिसांच्या दैनंदिनीत पंचनामा सापडतो. स्टेशनच्या हिशेबवहीत अमक्याच्या पेटीसाठी खिळे दिल्याची ओळ मिळाली तरी धागा लागतो. मग ती ओळ आणि जमिनीवरची दगडांची रास यांचा मेळ घालायचा.

आदिवासी मृतांसाठी असे कागद नाहीत. काही समाजांनी आपल्या मृतांची स्मारकं स्वतः उभी केली आहेत. पण सगळीकडे पाटी हा उपाय चालेल असंही नाही. अनेक आदिवासी समाजांत मेलेल्या माणसाचं नाव बऱ्याच काळापर्यंत उच्चारत नाहीत, त्याचं चित्र दाखवत नाहीत. ऑस्ट्रेलियन टीव्हीवर कार्यक्रमाआधी तशी सूचनाही देतात. त्यामुळे अशा जागी काय करायचं, खूण करायची की नाही, हे पाटी घेऊन आलेल्यानं ठरवायचं नसतं. आधी तिथल्या घराण्यांना विचारायचं असतं.